कापताना सारखं, जोडताना वाकडं : वाकळीचे ब्लॉक का जुळत नाहीत

"बाई, मी मोजूनच कापायले की, मग हे कोपरे का जुळंनात?"

चैत्र-वैशाखात रानातली कामं उरकली की परभणी-सेलूच्या बाजूला घरोघरी वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायला निघतात, आणि तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत हा प्रश्न माझ्याकडं येत राहतो. कुणी दोन ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, पिशवीत घालून आणतं, कुणी मोबाइलवर फोटो पाठवतं. तक्रार एकच असते. सुटे तुकडे एकावर एक ठेवले तर सारखे दिसतात, पण शिवल्यावर ब्लॉक कमी-जास्त भरतात. कोपऱ्याला कोपरा लागत नाही. ओळीला ओळ जोडताना एक बाजू ओढून धरावी लागते आणि दुसरीला चुण्या पडतात. उसवून पुन्हा शिवलं तरी पुन्हा तेच.

आपल्या आज्यांना हे दुखणं नव्हतं. त्या खाली अख्खं लुगडं अंथरायच्या, त्यावर जुन्याचे थर द्यायच्या आणि वरून तुकडे मांडत जायच्या. एका तुकड्याची कड दुसऱ्याखाली सरकवायची, वरची कड आत दुमडायची आणि धावदोऱ्यानं कडेकडेनं आत टाके घालत यायचं. तुकडा बोटभर मोठा निघाला तर शेजारच्याखाली जास्त जायचा, लहान निघाला तर कमी. चूक तिथंच जिरायची. ब्लॉकच्या वाकळीत आधी सुटे तुकडे एकमेकांना शिवायचे, त्यांचा चौकोन करायचा, मग चौकोनाला चौकोन जोडायचा. इथं चूक जिरत नाही, ती पुढच्या तुकड्यात जाते. आता बाहेरून ऑर्डर येते ती बहुतेक अशा नक्षीच्या वाकळीची, त्यामुळं हे शिकून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

यंदा एका बचत गटाच्या चौघीजणी ३५ ब्लॉक घेऊन आल्या. ५ फूट बाय ७ फुटांची वाकळ, १२ इंचाचा ब्लॉक, आडवे ५ आणि उभे ७. प्रत्येक ब्लॉकात नऊ चौकोन, एक रंगीत एक पांढरा असे. महिनाभराचं काम होतं आणि ओळी जुळत नव्हत्या. त्यांच्या कामात काय चुकलं होतं ते सांगते, कारण जवळजवळ प्रत्येकीचं तिथंच चुकतं.

चूक आधी आकड्यात आणा

"वाकडं व्हायलंय" एवढ्यावर काही सापडत नाही. आधी मोजा. मापं मी सुतात सांगते, कारण घरात सुतार-गवंड्याचं बोलणं ऐकून सगळ्यांना ती माहीत असतात : ८ सूत म्हणजे १ इंच. पाव इंच म्हणजे २ सूत. १ सूत साधारण ३ मिलिमीटरचा.

नऊ चौकोनांच्या ब्लॉकात एका ओळीत ३ तुकडे आणि २ जोड. प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांची कड आत जाते, म्हणजे चार कडा आत जातात. तुकडा साडेचार इंचाचा आणि शिवण २ सुतावर, तर तीन तुकड्यांचे साडेतेरा इंच, त्यातून चार वेळा पाव इंच म्हणजे १ इंच गेला, उरले साडेबारा. चारी बाजूंना पाव पाव इंच पुढच्या जोडासाठी सोडलेला असतो, म्हणून वाकळीत बसल्यावर तो ब्लॉक बरोबर १२ इंच दिसतो. हा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा. तो समजला की ब्लॉक हातात घेतल्यावर चूक कुठली ते माप बोलायला लागतं.

त्या चौघींचे ब्लॉक मोजले. पहिले शिवलेले सव्वाबारा भरले, शेवटचे शिवलेले १२ इंच ५ सूत, आणि मधले काही साडेबाराच्या अगदी जवळ. मधल्यांमुळंच त्यांची दिशाभूल झाली होती. मधले ठीक आहेत म्हणजे पद्धत बरोबर आहे, बाकीचे आपल्या हाताच्या गडबडीनं बिघडले, असं त्यांना वाटत होतं. खरं तर पद्धतीतच दोन चुका होत्या. एक चूक तुकडा मोठा करत होती, दुसरी चूक ब्लॉक लहान करत होती. मधल्या ब्लॉकांत दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. काही बरोबर आणि काही चूक असं जेव्हा दिसतं, तेव्हा मी नेहमी दोन चुका शोधते.

३ सुतांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. पण सव्वाबाराचे ५ ब्लॉक त्यांच्या शिवणीनं जोडले तर ओळ पावणेएकोणसाठ इंच भरते, आणि १२ इंच ५ सूतवाले ५ जोडले तर ६० इंच ५ सूत. दोन ओळींत जवळजवळ २ इंचांचं अंतर. ते ओढून भरून निघत नाही.

पहिली तपासणी शिवणीची, कारण ती दहा मिनिटांत होते

तक्रार कापण्याची असली तरी मी आधी मशीनकडं जाते. दीड इंच रुंद आणि साधारण ६ इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. त्या तेवढ्या जपून कापा. लांबीनं एकमेकींना जोडा, तुम्ही रोज जशा शिवता तशाच. शिवण एका बाजूला पाडून इस्त्री करा आणि आता रुंदी मोजा. साडेतीन इंच भरायला पाहिजे, आणि मधली पट्टी बरोबर १ इंच.

त्या चौघींच्या मशीनवर सव्वातीन भरलं आणि मधली पट्टी ७ सूत. म्हणजे शिवण २ सुतावर नाही, अडीच सुतावर पडत होती. अर्धा सूत! डोळ्याला दिसत नाही. पण एका ब्लॉकात चार कडा, चार वेळा अर्धा सूत, २ सूत म्हणजे पाव इंच गेला. पहिले ब्लॉक सव्वाबारा का भरले, त्याचं उत्तर इथं मिळालं.

याचं कारण साधं आहे. बहुतेक जणी मशीनच्या फुटाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेला कापडाची कड लावून शिवतात. सुईपासून फुटाच्या कडेपर्यंतचं अंतर पाव इंचच असेल असं धरून चालू नका. पायमशीनवर वेगळं, विजेच्या मशीनवर वेगळं, फूट बदलला की आणखी वेगळं. उपायाला पैसा लागत नाही. कागदी पट्टीवर २ सुतांवर रेघ काढा, रेघेवर सुई टेकवा, फूट खाली करा आणि कागदाच्या कडेला लागून मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर चिकटवा. आता कापडाची कड त्या पट्टीला घासत गेली पाहिजे. मग पुन्हा तीन पट्ट्यांची परीक्षा घ्या.

चिकटपट्टी लावूनही साडेतिनाला केसभर कमीच भरतं, असं कधी कधी होतं. ते कापडाच्या जाडीमुळं. शिवण पाडताना कापड घडीवरून वळतं आणि त्या वळणात थोडं जातं. खादी किंवा जाड हातमागाचं कापड असेल तर जास्त जातं. म्हणून पट्टी २ सुतांना केसभर आत चिकटवायची. किती, ते तुमचं कापड सांगेल. ज्या कापडाची वाकळ, त्याच कापडाच्या पट्ट्या परीक्षेला घ्या.

खालचं कापड मशीनचे दात ओढतात आणि वरचं मागं राहतं, ही एक जोडीची गोष्ट. शिवत शेवटाला आलात की वरचा तुकडा खालच्यापेक्षा थोडा पुढं आलेला दिसतो. तेवढा कातरून टाकायची सवय असेल तर ती सोडा. त्या कातरण्यानं ब्लॉक तिरका होतो. दोन्ही टोकांना टाचणी लावा आणि फुटाचा दाब एक-दोन फेरे सैल करा.

दुसरी तपासणी फर्म्याची

मशीन दुरुस्त झालं, तरी शेवटचे ब्लॉक मोठे का, हे उरलंच होतं. मी विचारलं, "चौकोन कशावरून कापले?" एकीनं सांगितलं, "पहिला मोजून कापला, मग त्याच्यावरून बाकीचे."

म्हणलं, त्याच्यावरून म्हणजे पहिल्यावरूनच?

नाही. पहिल्यावरून चार-पाच कापले, मग तो गठ्ठ्यात गेला. मग वर जो हाती लागेल त्यावरून पुढचे. खडूची रेघ तुकड्याच्या बाहेरून पडते. शिंप्याच्या खडूची रेघ, टोक झिजलेलं असेल तर, अर्धा सूत सहज जाड होते. ती रेघ राखून कापलं की नवा तुकडा थोडा मोठा, त्याच्यावरून कापलेला आणखी मोठा. त्यांचे शेवटचे चौकोन ४ इंच ५ सूत झाले होते, व्हायला पाहिजे होते ४ इंच ४ सूत. रेघ नेमकी कुठं कापायची ते चौघींनी आपापलं ठरवलं होतं, म्हणून एवढ्यावरच थांबलं. नाहीतर अजून वाढलं असतं.

तेव्हा कापलेल्या कापडावरून कापड कापायचं नाही. फर्मा, म्हणजे मापाचा कडक साचा, करायचा, आणि सगळ्या ३१५ चौकोनांना तोच एक फर्मा. (३५ ब्लॉक, प्रत्येकी ९.) पुठ्ठ्याचा फर्मा पन्नास-साठ तुकड्यांत कोपऱ्यांना गोल होतो, खडूनं कडा झिजतात, म्हणून पुठ्ठा मी वापरू देत नाही. सुताराकडून सनमायकाचा तुकडा मागून आणा, फुकटही मिळतो. नाहीतर घरात जुनी एक्स-रेची फिल्म असतेच. ती कात्रीनं कापता येते, आरपार दिसत असल्यानं कापडाची रेघ किंवा बुट्टी नेमकी मधे बसवता येते, आणि झिजत नाही. मागच्या बाजूला चिकटपट्टीवर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा लावा, कापडावर सरकत नाही.

फर्मा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, ते पाहायला सुतारासारखं करा. चारी बाजू सारख्या असल्या म्हणून चौकोन काटकोनी होत नाही, तो पतंगासारखा तिरका असू शकतो. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे असले की चौकोन गुण्यात. साडेचार इंचाच्या चौकोनाचा कर्ण ६ इंच ३ सुताच्या किंचित आत येतो. बाजूला १.४१४ नं गुणलं की कर्ण मिळतो, हे कुठल्याही चौकोनाला चालतं.

रेघेचंही एकदाच ठरवा : रेघ कापडात ठेवायची, की रेघेच्या आतून कापायचं. माझं मत, आतून कापा, रेघ फेकल्या जाणाऱ्या भागात गेली पाहिजे. आणि गट मिळून काम करत असेल तर कापायला एकीलाच बसवा. चौघींचे हात कितीही चांगले असले तरी ते चार हात आहेत.

टेप, पट्टी आणि माया

टेपबद्दल लोक फार घाबरतात. जुना कापडी टेप ताणला जातो हे खरं. पण तो ६० इंचात अर्धा इंच जरी ताणला असेल, तरी साडेचार इंचात त्याचा फरक अर्ध्या सुताहून कमी पडतो. लहान तुकड्यांत टेपचं टोक घात करतं. पत्र्याची टोपी सैल झालेली असते, शून्य नेमका कुठं ते कळत नाही, आणि ती चूक प्रत्येक मापात पूर्णच्या पूर्ण येते. म्हणून लहान माप टेपनं घेऊच नका. १२ इंची स्टीलची पट्टी घ्या, आणि शून्याऐवजी १ च्या रेघेपासून मोजा, साडेचारसाठी साडेपाचपर्यंत. पोरांच्या दप्तरातली प्लास्टिकची पट्टी नको. एका पट्टीवर सुरू केलेलं काम त्याच पट्टीवर संपवा. अर्धं इंचात आणि अर्धं सेंटिमीटरमध्ये करू नका. साडेचार इंच म्हणजे ११.४३ सेंटिमीटर, ते साडेअकरा धरलं की झालीच चूक सुरू.

लांब माप मात्र, म्हणजे पूर्ण वाकळीची किनारपट्टी किंवा अस्तर, नव्या टेपनंच घ्या. तिथं ताणलेला टेप फसवतो.

मायेची, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या जास्तीच्या कापडाची, चूक नव्या मुलींकडून होते. १२ इंचाच्या ब्लॉकात तीन चौकोन, म्हणजे चौकोन ४ इंचाचा, असं म्हणून ४ इंचच कापतात. ४ हे तयार माप आहे. कापायचं माप त्यात दोन्ही बाजूंची माया धरून साडेचार. आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. ठरलेल्या मापांपैकी एक ध्वज ९०० बाय ६०० मिलिमीटरचा असतो, आणि त्यातले तिन्ही पट्टे २०० मिलिमीटरचे दिसायला हवेत. २०० चे पट्टे कापून शिवले तर ते २०० राहणार नाहीत. तिथं केशरी पट्टा पांढऱ्यापेक्षा बोटभर रुंद चालत नाही, मग आपण आपल्या वाकळीत का चालवून घ्यायचं?

कापड स्वतःच हलत असतं

मशीन बरोबर, फर्मा बरोबर, तरीही चौकोन जागेवर राहत नसतील, तर चूक कापडात शोधा. इथं मी जास्त वेळ घेते, कारण वाकळीला आपण एका जातीचं कापड कधीच वापरत नाही. जुनी सुती पातळं, शिंप्याकडची कात्रणं, मोंढ्यातून आणलेलं नवं मांजरपाट, सगळं एका चौकटीत बसवायचं असतं.

कापडात उभा धागा आणि आडवा धागा असतो. उभा सहसा कमी ताणला जातो, आडवा थोडा जास्त, आणि तिरकं ओढलं तर सगळ्यात जास्त. उरेब पट्टी आपण गळ्याला लावतो ती याच गुणामुळं वळते. तुकड्याची कड धाग्याला धरून नसेल तर ती कड उरेब झाली. ती फर्म्यावर बरोबर कापलेली असते, हातात घेतली की वाढते, इस्त्रीखाली आणखी वाढते. "कापताना सारखं होतं, शिवताना मोठं झालं" या तक्रारीत दहातल्या बऱ्याच वेळा हेच सापडतं. शिंप्याच्या कात्रणांत तर धागा कसाही गेलेला असतो, कारण ती बाही आणि गळ्याच्या मधून उरलेली असतात.

धागा शोधायला तुकड्याच्या कडेचा एक धागा सुईनं उचलून हळूच ओढा. कापडावर बारीक सरळ रेघ उमटते. ती तुमची कड, फर्मा तिला लावायचा. नवं सुती कापड असेल तर कडेला कातरीनं चीर देऊन सरळ फाडा, ते धाग्यावरच फाटतं. फाडल्यावर कड थोडी ताणलेली राहते, तिला पाणी शिंपडून इस्त्री करा आणि मग मोजा. छापील चौकडीवर विश्वास ठेवू नका. छाप कधी कधी धाग्याला तिरका बसलेला असतो. चौकडी विणलेली असेल तर चालेल.

पातळ आणि लुगड्याची किनार घट्ट विणलेली असते. ती तुकड्यात एका बाजूला आली तर धुतल्यावर तिथं चुण्या येतात. मला किनारी फार आवडतात, इरकलीची किनार तर वाकळीचं तोंड उजळवते. पण ती वेगळी कापून पट्टी म्हणून लावा, चौकोनाच्या कडेत नको.

जुन्या पातळाला उजेडात धरा. निऱ्यांचा भाग आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. विरलेलं कापड सगळ्या बाजूंनी ताणलं जातं, त्याला फर्मा काही करू शकत नाही. तो भाग आतल्या थराला द्या. वरच वापरायचा असेल तर मागं पातळ अस्तर लावून एकच तुकडा समजून कापा.

नवं कापड आधी धुवून घ्या. सुती आटतं, आणि प्रत्येक थानाचं आटणं वेगळं. किती ते पाहायचं असेल तर कोपऱ्यात १० बाय १० इंचाचा चौकोन पेनानं आखा, गरम पाण्यात धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. उभं आणि आडवं आटणंही सारखं नसतं, तो चौकोन आयत झालेला दिसेल. जुनं पातळ शंभर वेळा धुतलेलं असतं, ते आटायचं राहिलेलं नाही. त्याच्या शेजारी न धुतलेलं मांजरपाट बसलं, तर वाकळ पहिल्यांदा धुतली की पांढरे चौकोन आकसतात आणि रंगीत फुगतात. तेव्हा उसवूनही काही हाती लागत नाही.

धुतलेल्या कापडाला कापण्याआधी खळ द्या. साबुदाण्याची पातळ खळ चालते, तांदळाची पेज गाळून घेतली तरी चालते. अर्धवट ओलं असताना इस्त्री करा. कापड कागदासारखं ताठ होतं, खडू सरळ चालतो, कातर अडखळत नाही, उरेब कडही निम्म्यानं कमी हलते. माझ्या अनुभवात एवढ्या एका गोष्टीनं जितका फरक पडतो तितका महागड्या कटरनंही पडत नाही. काम झाल्यावर वाकळ धुवून टाका, खळ राहिली तर झुरळं आणि कसर लागते.

इस्त्री घासू नका. उचला, ठेवा, दाबा, पुन्हा उचला. लाइट नसते तेव्हा कोळशाची इस्त्री काढली जाते, ती जड असते आणि पुढं-मागं फिरवली की चौकोनाचा आयत करते. शिवण पाडताना आधी तुकडे न उघडता शिवणीवर इस्त्री ठेवा, मग तुकडे उघडून शिवण बोटानं पूर्ण पाडा आणि वरून दाबा. शिवणीच्या पोटात बारीक घडी राहिली तरी तिथं अर्धा सूत जातो. आणि पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडं पाडल्या असतील तर दुसरीच्या डावीकडं पाडा. जोडताना त्या एकमेकींना अडतात आणि कोपरा आपोआप जागेवर बसतो.

कातर

चार थर एकदम कापायचा मोह आवरा. खालचा थर सरकतो. कातरीनं दोन थर, त्याच्यापुढं नको. कापड टेबलावर किंवा फरशीवर सपाट राहिलं पाहिजे, कातरीचं खालचं पातं फरशीला टेकून चाललं पाहिजे. कापड हातात उचलून कापलं की रेघ वाकते. कापडाच्या कातरीनं कागद कापू नका.

गोल पात्याचा कटर आणि मॅट घेतली असेल तर एक चूक सांभाळा. घडी घातलेल्या कापडातून लांब पट्टी कापताना मोजपट्टी घडीच्या बरोबर काटकोनात नसली, तर उघडल्यावर मधोमध कोपर येतं, सरळ पट्टीऐवजी चपटा कोन. दर तीन-चार पट्ट्यांनंतर कड पुन्हा सरळ करून घ्या.

हातानं शिवणाऱ्यांनी हे सगळं वेगळं करायचं

खेड्यात बऱ्याच जणी हातानंच जोडतात, आणि त्यांना मी कापण्यात जीव घालायला सांगत नाही. फर्मा तयार मापाचा करा, म्हणजे ४ इंचाचा. तो कापडाच्या उलट्या बाजूला ठेवून पेन्सिलीनं आखा. ही शिवणीची रेघ झाली. तिच्या बाहेर अंदाजे दोन-अडीच सूत सोडून कापा, थोडं कमी-जास्त झालं तरी बिघडत नाही. आता दोन तुकडे समोरासमोर धरून कोपऱ्यावर टाचणी टोचा, ती दुसऱ्या तुकड्याच्या कोपऱ्यातूनच बाहेर यायला पाहिजे. मग रेघेला रेघ धरून धावदोरा घाला, दर इंचाला मागं उलटून पाहा. कोपऱ्यावर सुरू करा आणि कोपऱ्यावर थांबा, कडेपर्यंत जाऊ नका.

एका सत्तरीतल्या मावशींना मी हे दाखवलं. त्यांना पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. पण पेन्सिलीची रेघ दिसते, आणि त्यांचे ब्लॉक मशीनवाल्यांपेक्षा नेमके येतात.

त्रिकोण असतील तर

चौकोन तिरका कापून दोन त्रिकोण करायचे असतात, तिथं मायेचा हिशोब बदलतो आणि पुष्कळ जणी अडकतात. तयार माप ४ इंच असेल, तर चौकोन साडेचारचा नाही, ४ इंच ७ सुतांचा कापायचा आणि मग कर्णावर एकदा चिरायचा. तिरक्या बाजूची माया कोपऱ्याकडं जास्त कापड खाते, म्हणून अर्ध्या इंचाऐवजी ७ सूत. कुठल्याही मापाला तेच : तयार मापात ७ सूत मिळवा. एका चौकोनातून चार त्रिकोण काढायचे असतील तर सव्वा इंच मिळवा.

माझी सोपी वाट दुसरीच आहे. रंगीत आणि पांढरा, ५ इंचाचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवा, कर्णाची रेघ आखा, रेघेच्या दोन्ही बाजूंना २ सुतांवर शिवा, रेघेवर कापा. दोन तयार चौकोन मिळतात, थोडे मोठे. इस्त्री करून त्यांच्यावर साडेचारचा फर्मा ठेवायचा, फर्म्याचा कर्ण शिवणीवर आणि मग चारी बाजू छाटायच्या. उरेब कड मोकळी कधी हाताळावीच लागत नाही. कापड थोडं वाया जातं, पण डोकं शांत राहतं.

झालेल्या ब्लॉकांचं काय

१ सुतापर्यंतचा फरक असेल तर जोडताना सामावतो. मोठा ब्लॉक खाली, दातांच्या बाजूला ठेवा, मशीन त्याला आपोआप थोडं आवळून घेते. त्याहून जास्त असेल तर ओढाताण करू नका, वाकळ सपाट पडणार नाही.

चौघींचे ३५ ब्लॉक आम्ही मापाप्रमाणं गठ्ठे करून लावले. उसवायचं नाही असं ठरवलं, जुनी पातळं दुसऱ्यांदा उसवण सोसत नाहीत. सव्वाबाराचा मोठा फर्मा करून मधला चौकोन मध्यावर धरला आणि दोन सोडून बाकी सगळे तेवढे छाटले. पण छाटल्यावरही प्रत्येकाच्या आतल्या शिवणी थोड्या थोड्या वेगळ्या जागी होत्या. ब्लॉकला ब्लॉक लावला असता तर ते दिसलं असतं. म्हणून दोन ब्लॉकांच्या मधे २ इंच तयार दिसेल अशी लाल पट्टी घातली. शिवणी समोरासमोर येतच नाहीत, मग त्या चुकल्या हे कुणाला दिसणार? पट्ट्यांमुळं माप वाढत होतं, तेव्हा आडवे ५ चे ४ केले, उभे ७ चे ६, आणि दोन्ही बाजूंची काठपट्टी रुंद करून ६० इंच भरवले. २४ ब्लॉक लागले. गिऱ्हाइकाला ती लाल पट्टी इतकी आवडली की पुढची ऑर्डर तशीच मागितली आहे, आणि यावेळी माप आधी धरलं आहे.

उरलेल्या ११ पैकी ९ ची त्यांच्यातल्या एकीच्या लेकीच्या बाळाला छोटी वाकळ झाली. दोन, न छाटलेले, मी मागून घेतले. एक सव्वाबाराचा, एक १२ इंच ५ सुतांचा. माझ्या मशीनच्या वर खिळ्याला अडकवले आहेत. कुणी पिशवीतून वाकडे ब्लॉक घेऊन आलं, की आधी हे दोन आणि स्टीलची पट्टी तिच्या हातात देते.